परक्याच्या तोंडची मराठी

गेल्या शिमग्यात आमच्या गावी एक परदेशी मुलगी आली होती. कोकणातील नमन-खेळ्यांचा अभ्यास हा तिचा विषय, आणि त्यासाठी आधी पुण्यास राहून तिने मराठी शिकून घेतली होती. पालखी सहाणेवर बसली होती, ढोल घुमत होते, आणि ती एका कडेला उभी राहून संकासुराकडे टक लावून पाहत होती. मी गावचा मास्तर. तेव्हा पाहुण्यांची विचारपूस करण्याचे काम आपसूकच माझ्या गळ्यात पडले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. एकदोन वाक्ये मनात जुळवीत मी तिच्यापाशी गेलो, तो तीच म्हणाली, ‘‘गुरुजी, माझा पिशवी इथे ठेवला तर चालेल ना?’’

भोवतालची मंडळी खो खो हसली आणि हसता हसता त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग कोणी तिला चहा आणून दिला तो हिंदीत आग्रह करीत; मुंबईहून सणाला आलेल्या एका तरुणाने तिला संकासुराची हकिगत इंग्रजीतून सांगावयास आरंभ केला. ती दोन दिवस गावात होती. त्या दोन दिवसांत तिच्याशी सलग मराठीत बोललेली माणसे मी पुढे आठवून मोजली, ती चारच निघाली : देवळाचा गुरव, शाळेतली दोन पोरे आणि एक म्हातारी. यांपैकी म्हातारीचा नाइलाज होता, तिला दुसरी कोणतीच भाषा येत नव्हती. निघताना ती मुलगी मला म्हणाली, ‘‘मराठी शिकवायला मला चांगले शिक्षक मिळाले, गुरुजी. बोलायला माणसे मिळत नाहीत.’’

ती रागाने बोलली नव्हती. परंतु हे वाक्य काही माझ्या मनातून जाईना. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेतही आम्ही पेढे वाटले होते आणि मी एक बऱ्यापैकी भाषण केले होते. ‘मराठीचा झेंडा आता जगभर’ असे काहीसे त्यात होते. हा झेंडा जगभर न्यावयाचा तो कोणाच्या खांद्यावरून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला या मुलीमुळे. तिच्या खांद्यावर झेंडा नव्हता, एक पिशवी होती. आणि तीही आम्ही तिला हसल्यावाचून खाली ठेवू दिली नाही.

* * *

अलीकडे राज्यकारभाराच्या चर्चेत ‘सौम्य सत्ता’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. जोसेफ नाय या अमेरिकन प्राध्यापकाने तो १९९० मध्ये प्रचारात आणला. सैन्याच्या धाकाने वा पैशाच्या मोहाने दुसऱ्याला वळवणे ही कठोर सत्ता. आणि आपल्या विद्येविषयी, कलेविषयी, राहणीविषयी ओढ निर्माण करून तो आपण होऊन आपल्याकडे वळेल असे करणे, ही सौम्य सत्ता. या सत्तेच्या साधनांत परदेशी विद्यार्थ्याला आपली भाषा शिकवणे हे साधन फार मोलाचे मानतात. शब्द नवा असला तरी वहिवाट जुनी आहे. फ्रेंचांनी ‘आलियांस फ्रांसेज’ १८८३ मध्ये काढली. ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, जर्मनांची ग्योटे संस्था १९५१ ची. सोव्हिएत रशियाने १९६० मध्ये मॉस्कोत परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक विद्यापीठच उभारले, आणि पुढच्याच वर्षी त्याला काँगोचा मारला गेलेला नेता पॅट्रिस लुमुंबा याचे नाव दिले. आशिया-आफ्रिकेतून आलेला मुलगा तेथे डॉक्टर व्हावयाचा असो वा इंजिनिअर, आधी एक वर्ष त्याने रशियन शिकावयाचे आणि मग पुढच्या वर्गात जावयाचे. चीनने २००४ पासून कन्फ्यूशियसच्या नावाने देशोदेशी अशा संस्था उघडल्या.

या सगळ्या उद्योगामागे एक हिशेब आहे. आम्ही तुला भाषा देतो, तू आम्हाला मन दे, असा तो हिशेब. हिशेब मांडणारे लोक भोळे नसतात. त्यामागे खर्च होणारा पैसा सरकारी तिजोरीतून येतो आणि तिजोरीचा चौकीदार उगाच दयाळू होत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा हिशेब कधी जुळतो काय? रशियाचेच पाहा. ज्या राज्याने हजारो परक्या मुलांना रशियन शिकवली ते राज्य १९९१ मध्ये विसर्जित झाले. ज्यासाठी भाषा शिकवली ते गेले, आणि शिकवलेली भाषा मात्र शिकलेल्यांपाशी उरली. सत्तेने भाषेवर खर्च करावा आणि अखेर भाषा सत्तेपेक्षा जास्त जगावी, असा प्रकार इतिहासात वारंवार दिसतो. मराठीच्या बाबतीत तर त्याचे दाखले चारशे वर्षांचे आहेत, आणि ते आपल्या घरचे असल्यामुळे मला जास्त नीट तपासता येतात.

* * *

पहिला दाखला गोव्यातला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यास आला आणि साष्टीच्या गावांतून त्याने आयुष्य काढले. त्याचा हेतू उघड होता. येथल्या लोकांना ख्रिस्ती धर्म सांगावयाचा, आणि तो त्यांच्या भाषेत सांगावयाचा. त्यासाठी तो कोकणी शिकला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ रोमन लिपीत छापला होता. येथल्या बोलीचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले.

‘ख्रिस्तपुराणा’कडे आपण सहसा कौतुकाने पाहतो. एका फिरंग्याने आमच्या भाषेची थोरवी गायिली, एवढे सांगून आपण पुढे जातो. परंतु तो ग्रंथ काव्य म्हणून वाचू लागले म्हणजे एक गंमत ध्यानात येते. धर्म सांगावयाचा त्याचा, पण सांगण्याचा घाट सगळा आमचा. ओवी आमची, गुरू आणि जिज्ञासू श्रोता समोरासमोर बसवण्याची रीत आमच्या पुराणिकांची, आणि स्वर्गासाठी त्याला जो शब्द सापडला तो ‘वैकुंठ’! लोकांना आपल्या स्वर्गाकडे नेण्यासाठी निघालेला हा पाद्री वाटेत वैकुंठाच्या दाराशी येऊन उभा राहिला. वळवावयाला कोण आला आणि वळला कोण, हे सांगणे मला तरी कठीण वाटते.

यात मी पाद्र्यांच्या हातून घडलेल्या गोष्टींवर पांघरूण घालीत नाही. गोव्यात देवळे पाडली गेली, ग्रंथ जाळले गेले. ज्या सत्तेच्या छायेत स्टीफन्स ओव्या रचीत होता ती सौम्य नव्हती. उलट त्या सत्तेला पुढे ही सौम्यताही जड झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी येथली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. म्हणजे आरंभी परक्यांनी आमची भाषा शिकावयाची, आणि शतक उलटण्याच्या आत आम्हाला आमचीच भाषा विसरावयाला सांगावयाचे! पण त्या हुकमाचे काय झाले? तीन वर्षे सोडाच, तीनशे वर्षे झाली; कोकणी आजही गोव्याच्या घराघरांत बोलली जाते आणि ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उभे आहे. हुकूम तेवढा अभ्यासकांच्या टिपणांत उरला.

दुसरा दाखला मोल्सवर्थचा. कंपनीच्या लष्करातला हा तरुण अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्या कामी जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या जोडीला होते आणि त्या तिघांच्या पाठीमागे मराठी पंडितांची फळी होती. कोश कशासाठी हवा होता? सारा वसूल करावयाचा, खटले चालवावयाचे, हुकूम काढावयाचे, म्हणून. हेतूत काव्य कोठेच नाही. परंतु मोल्सवर्थ पुढे नोकरी सोडून मायदेशी गेला, आणि तरीही परतून त्याने कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये पुरी केली. ज्याला फक्त साऱ्याची वसुली हवी असते तो मनुष्य शेतकऱ्याच्या तोंडच्या म्हणींसाठी आणि बायकांच्या जात्यावरच्या शब्दांसाठी एवढा झिजत नाही. कादंबरी लिहिताना एखादा जुना शब्द अडला, की मी आजही मोल्सवर्थ उघडतो. माझ्या आजीचे शब्द मला एका इंग्रजाच्या पुस्तकात सापडतात, याची मला लाज वाटावी की आनंद, हे मात्र अजून ठरलेले नाही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टॉमस कँडी पुढे सरकारी पुस्तकांचा कर्ताधर्ता झाला आणि मराठी क्रमिक पुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. विरामचिन्हे त्याने आपल्या अंगवळणी पाडली, हा उपकार. पण इंग्रजी वळणाची एक ताठ, इस्त्रीची मराठीही त्याच वाटेने शाळेत शिरली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाले’चा आरंभ केला तो मराठीच्या तत्कालीन स्थितीची झडती घेऊनच. परक्याने भाषा शिकणे निराळे आणि परक्याने ती आम्हाला शिकवणे निराळे. पहिल्यात तो आपल्या चुका घेऊन आपल्यापाशी येतो. दुसऱ्यात त्याच्या चुकाच नियम होऊन बसतात. सत्ता सौम्य की कठोर हे बघावयाचे असेल तर मी हीच खूण पाहीन : कोणाची चूक कोण सुधारतो आहे?

* * *

तिसरा दाखला मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्याचा आरंभ एका उपग्रहापासून आणि गव्हाच्या पोत्यापासून होतो.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुत्निक आकाशात सोडला आणि अमेरिकेच्या पोटात गोळा उठला. आपले विज्ञान मागे पडले, आपल्या मुलांना जगाच्या भाषा येत नाहीत, अशी ओरड झाली, आणि १९५८ मध्ये तेथे एक कायदा झाला. त्याच्या नावात ‘राष्ट्रीय संरक्षण’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही शब्द होते. त्या कायद्याने विद्यापीठांना दूरदूरच्या भाषा शिकवण्यासाठी पैसा मिळू लागला. त्या भाषांत मराठीही होती. अमेरिकेच्या संरक्षणाशी मराठीचा काय संबंध, हे त्या कायद्याच्या कर्त्यांनाही सांगता आले नसते. पण पैसा मंजूर झाला होता.

त्याच सुमारास दुसरीकडे गहू येत होता. १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली अमेरिका आपल्याला गहू देई आणि त्याची किंमत रुपयांत घेई. तो लाल गहू आणि तो मिलो आमच्या घरातील वडीलधारी माणसे अजून तोंड वाकडे करून आठवतात. या रुपयांचा अमेरिकेला हिंदुस्थानाबाहेर उपयोग नव्हता. तेव्हा १९६२ पासून त्यांतील काही रुपयांतून येथली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील ग्रंथालयांना पाठवण्याची योजना सुरू झाली. आपण त्यांचा गहू खाल्ला आणि त्याच्या पैशांतून आपल्या कथा, कविता, चरित्रे समुद्रापार गेली. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण मराठी वाङ्मय परदेशी रवाना करीत आहोत, याची गंधवार्ता नव्हती.

आता या संरक्षणाच्या पैशाने आणि गव्हाच्या पुस्तकांनी वाढलेल्या विद्येचे फळ काय आले, ते पाहा. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी मराठी शिकून डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर १९६९ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रबंध सादर केला. ज्या काळी आपल्या विद्यापीठांतून या विषयाला हात घालणारे विरळा होते, त्या काळी या बाई चळवळीतल्या माणसांना भेटून त्यांच्या तोंडून इतिहास टिपून घेत होत्या. ॲन फेल्डहाउस यांनी महानुभावांच्या पोथ्या हाती घेतल्या. गोविंदप्रभूंच्या चरित्राचा त्यांनी केलेला अनुवाद १९८४ मध्ये निघाला, आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतून आलेले ग्युंथर सोनथायमर यांची गोष्ट याच जातीची. ते धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या मागे लागले, आणि १९७६ मध्ये त्यांनी त्या देवांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला.

या तिघांची नावे एकत्र घेतली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. आंबेडकरी चळवळ, महानुभाव आणि धनगरांचे देव! पांढरपेशा मराठी वाचकाच्या दिवाणखान्यातील हे विषय नव्हेत. घरातल्या माणसाला माजघर ठाऊक असते, पण मागच्या पडवीत काय ठेवले आहे याचा त्याला कधीच विसर पडलेला असतो. पाहुणा मात्र वाट चुकून नेमका पडवीत जातो. परक्या विद्यार्थ्याची मराठीला झालेली खरी देणगी ही आहे. त्याच्या तोंडी मराठी गोड लागते ही देणगी नव्हे. या मंडळींचे ग्रंथ इंग्रजीत वा जर्मनीत आहेत आणि माझ्यासारख्याला डिक्शनरी उशाशी घेऊन ते वाचावे लागतात, ही माझी तक्रार आहे. पण वाचताना आपल्याच गावचा रस्ता प्रथमच दिसल्यासारखा वाटतो, हेही मला कबूल केले पाहिजे.

आणि मॅक्सीन बर्नसन? त्यांच्यापाशी तर सौम्य सत्तेचा सारा हिशेबच उलटा होतो. या अमेरिकन बाई फलटणला आल्या. तेथल्या बोलीत जातीपरत्वे, शिक्षणपरत्वे काय फरक पडतो, यावर त्यांनी १९७३ मध्ये प्रबंध लिहिला. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्यासाठी त्यांनी आणि जाई निंबकरांनी मिळून पुस्तके तयार केली. आज मराठी शिकणाऱ्या कित्येक परदेशी मुलांचा हात त्या पुस्तकांनी धरलेला आहे. येथवर ठीक. पण प्रबंध पुरा झाला म्हणून बाई कायमच्या परत गेल्या नाहीत. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि फलटणच्या गरीब वस्तीतल्या, शाळेतून गळालेल्या मुलांना वाचावयास शिकवणे हे आपले काम मानले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले.

अमेरिकेने संरक्षणासाठी मराठीवर पैसे घातले. त्यांतून फलटणला एक शाळा मिळाली. यात कोणाच्या सत्तेचा विजय झाला? मला वाटते, सत्ता ही कल्पनाच येथे अपुरी पडते. एखादी भाषा नीट शिकावयाची म्हणजे आयुष्यातली पाचदहा वर्षे दुसऱ्याच्या दाराशी बसावे लागते. लहान मुलासारखे चुकावे लागते, हसू करून घ्यावे लागते. इतकी वर्षे ज्याच्या दाराशी बसलो त्याच्यावर राज्य करण्याची इच्छा पुष्कळदा तेथेच गळून पडते.

* * *

हे झाले आपल्याकडे आलेल्यांचे. आपल्याकडून गेलेला एक विद्यार्थी मला फार प्रिय आहे, आणि त्याच्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये गोव्यातले घर सोडून विद्येसाठी निघाले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत, कोठे पायी, कोठे कोणाच्या दयेवर, ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले. ही सगळी कथा त्यांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. मराठी गद्याचे उत्तम नमुने निवडावयाचे झाले तर मी ‘निवेदन’ पहिल्या चारांत घालीन. त्यात कोठेही आवाज चढत नाही. अपमान, उपासमार, घरच्यांना सोडून आल्याची टोचणी, हे सारे जमाखर्च लिहावा तशा सरळ हाताने लिहिलेले आहे, आणि म्हणूनच ते वाचताना घसा दाटतो.

सिंहलद्वीप तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. कोसंबींना पाली शिकवून कोणत्याही सरकारला काही मिळावयाचे नव्हते. एका विद्यालयाने एका परक्या मुलाला आसरा दिला, अन्न दिले आणि भाषा दिली, एवढेच. पण त्याचा पसारा पुढे किती झाला! हाच मुलगा पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी बोलावला गेला, त्याने पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, आणि बुद्धाचे चरित्र व धर्म साध्या मराठीत आणून सामान्य वाचकाच्या हाती दिला. कोणत्याही खात्याने आखलेली योजना याहून मोठे फळ देऊ शकली नसती. कारण उघड आहे. विद्योदयाच्या वृद्ध स्थविरांना कोसंबींकडून काही नको होते. ज्याला काही नको असते त्याचाच प्रभाव सर्वांत खोल जातो.

इरावती कर्वे यांची गोष्ट याच्याच दुसऱ्या टोकाची. १९२७ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, जर्मन शिकल्या, आणि वंशश्रेष्ठत्वाची कल्पना उराशी धरणाऱ्या ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. गुरूला हवा होता तो वंशभेद त्या मोजमापांत सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहून दिले. यजमानाची भाषा शिकणे म्हणजे यजमानाचे मत घेणे नव्हे. उलट, त्याच्याच भाषेत त्याला ‘नाही’ म्हणता यावे, हेच त्या शिकण्याचे सार्थक. ज्या देशाला असे ‘नाही’ ऐकावयाचे नसेल त्याने परदेशी विद्यार्थ्यांवर पैसा घालू नये.

* * *

आता पुन्हा आमच्या गावात येतो. कारण हा लेख लिहावयाचे खरे कारण तेथेच आहे.

आमच्या भागातील हापूसच्या बागांतून नेपाळी राखणदार असतात. मोहोर धरला की ते येतात. काहीजण वर्षभर बागेतल्या मांगरात बायकापोरांसह राहतात. त्यांची मुले आमच्या शाळेत येतात. पाच वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्या वर्गात आला. हुशार, बोलका. एकदा मी त्याला वही आणावयास सांगितले. त्याने आणली आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘‘गुरुजी, माझा वही आला.’’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर त्याची नक्कल करून दाखवली. मास्तरांची नक्कल म्हणजे वर्गाला मोकळे रान. पुढे कित्येक दिवस त्या पोराला मधल्या सुट्टीत ‘माझा वही’ याच नावाने हाक मारीत. तो मुलगा बोलावयाचा थांबला. विचारले तर मान हलवून उत्तर देई. आंबा संपल्यावर त्याचा बाप त्याला घेऊन गेला तो पुढल्या वर्षी परत आला नाही. बाप दुसऱ्या बागेत लागला असेल. कारण तेही असू शकेल. पण मला खात्री नाही.

शिमग्याला त्या पाहुण्या मुलीने ‘माझा पिशवी’ म्हटले तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवणारे माझे हात एकाएकी थबकले. ही तीच चूक! नेपाळी पोराला वहीचे स्त्रीलिंग उमगले नाही, या मुलीला पिशवीचे उमगले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोघेही सारखेच परदेशी विद्यार्थी. एकीला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला टोपणनाव. एक विमानातून आली होती आणि दुसरा बागेच्या मांगरातून, एवढाच फरक. आणि खरे पाहता आम्ही मराठीत दोघांशीही बोललो नाही. एकीची मराठी आम्ही खेळण्यासारखी कौतुकाने हाती घेतली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्याची त्याच्या तोंडातच दाबून टाकली.

मराठीची सौम्य सत्ता म्हणून जी काही असेल ती मला आता अशा ठिकाणी दिसते. परदेशात अध्यासने व्हावीत, शिष्यवृत्त्या द्याव्यात, कोश निघावेत; हे सगळे व्हावेच. पण लाखो माणसे कोणत्याही शिष्यवृत्तीवाचून आपल्याकडे रोज मराठी शिकत आहेत. बांधकामावर, भाजीच्या गाडीमागे, बागांतून, बंदरांवर. ती चुकत माकत दोन शब्द जुळवतात, आणि आपण त्यांना हिंदीत उत्तर देतो, किंवा हसतो, किंवा ‘मराठी येत नाही का?’ म्हणून डोळे वटारतो. वटारलेल्या डोळ्यांनी आजवर कोणाला भाषा शिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि वीस वर्षे मी हाच धंदा करीत आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयला तीन वर्षांच्या मुदतीने जे साधले नाही ते आपल्याला दमदाटीने कसे साधेल?

यंदा जूनमध्ये माझ्या वर्गात एक नेपाळी मुलगी आली आहे. परवा ती म्हणाली, ‘‘गुरुजी, पाऊस आली.’’ वर्गात एक हसू उमटू लागले होते. मी म्हटले, ‘‘हो ना, पाऊस आला. खिडकी लाव बघू.’’ ती उठली, खिडकी लावली, आणि जागेवर बसता बसता हळूच, स्वतःशीच म्हणाली, ‘‘पाऊस आला.’’

मग तिने मला विचारले, की नदीला पूर आला म्हणायचे, की आली? मी उत्तर दिले. तिने आणखी विचारले. तास संपेपर्यंत आम्ही दोघे मराठीतच बोलत होतो.